काल रात्री इथे कोण झोपलं?

आमच्या मजल्यावरच्या काकांना 'सगळे' हा शब्द चालत नसे. 'नेहमी', 'कुणीच नाही' आणि 'खूप' हेही चालत नसत. आपण सहज म्हणावं की दमदमहून सुटणारी मेट्रो हल्ली नेहमी उशिरा येते, की ते मान तिरकी करून विचारत, "किती पैकी?" मग आपण गप्प. कारण त्या आठवड्यात आपण दोनदाच गेलेलो असतो आणि त्यातल्या एकदाच उशीर झालेला असतो.

माझ्या बँकेच्या बदलीवर आम्ही दोघं कोलकात्याला आलो, तेव्हा सामानाची एकशे बारा खोकी होती आणि प्रत्येकावर मी क्रमांक घातला होता. लिफ्टच्या दाराशी धोतर आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले एक उंच गृहस्थ उभे होते. हमाल शेवटचं खोकं आत ठेवून गेले, तसे ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "एकशे अकरा झाली."

मी यादी पाहिली. त्र्याऐंशी नंबरचं खोकं खालीच राहिलं होतं. गेटवरच्या रखवालदाराने ते खुर्चीपुढे ओढून त्यावर पाय ठेवले होते.

"त्यात काय आहे?" काकांनी विचारलं.

"मसाले आणि देव."

"मग आधी त्याचे पाय काढायला सांगा."

अशी आमची ओळख झाली. यादी करणाऱ्या बाईला मोजणारा शेजारी मिळाला. माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी सांगून टाकलं की आता या मजल्यावर एकटा मीच माणसासारखा माणूस उरलो.

काकांचा जन्म कोलकात्यातला, वडिलांचाही. घरात मराठीच, तीही आईकडून आलेली जुन्या वळणाची, पण मोजायची वेळ आली की ओठांवर बंगाली आकडे येत. सरकारच्या पाहणी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. काम म्हणजे गावोगाव हिंडायचं आणि माणसं, गुरं, चुली मोजायच्या. लग्न केलं नव्हतं. संकुलातले बंगाली शेजारी त्यांना जेठू म्हणत, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ.

त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली तर ते वरून एक घास घेत, मधून एक आणि तळातून एक, आणि मगच सांगत की मीठ बरोबर आहे का. पाच-दहा घरच्या मराठी मंडळींनी मिळून बसवलेल्या गणपतीच्या जेवणात एकदा मी म्हणाले की यंदाचे मोदक सगळ्यांना आवडले. काका हात धुऊन आले आणि म्हणाले, "चौसष्ट पानांपैकी नऊ पानांत अर्धा मोदक उरलाय. नऊच्या नऊ पानं शेवटच्या पंक्तीतली. तिथे तूप पोचलेलं नाही." मला राग आला होता, कारण वाढपाची यादी माझीच होती. पण पुढच्या वर्षी मी तुपाची दोन भांडी ठेवली आणि एक शेवटाकडून सुरू केलं.

बाहेर पडताना ते दोन छत्र्या घेत. एक स्वतःची आणि दुसरी ज्याला प्रश्न विचारायचे त्याची. "उन्हात उभा असलेला माणूस लवकर सुटायला बघतो," ते म्हणत. "आणि लवकर सुटायला बघणारा माणूस गोल आकडा सांगतो." निवृत्तीला बरीच वर्षं झाली तरी दुसरी छत्री सुटली नव्हती. एस्प्लनेडला फुटपाथवर मोजे विकणाऱ्याशी भाव करतानाही ती त्याच्या डोक्यावर धरलेली मी पाहिली आहे. कुणाच्या दारी काही विचारायला गेले तर घरच्या माणसाच्या एक पायरी खाली बसत. वर बसून विचारलं की लोक खोटं सांगतात, खाली बसून विचारलं की चहा देतात, असा त्यांचा अनुभव होता.

आणि घरात किती माणसं राहतात, असं त्यांनी कुणालाही विचारलं नाही. ते विचारत, "काल रात्री इथे कोण कोण झोपलं?"

हा प्रश्न कुठून आला ते त्यांनी मला एकदा सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खेड्यात घरमालकाने रेशनकार्ड पुढे केलं, म्हणाला पाच. काकांनी पाच लिहिले आणि निघाले. वाटेला लागताना गोठ्यातून एक म्हातारी बाहेर आली. ही कोण, असं विचारल्यावर घरमालक म्हणाला, "ती होय? ती फक्त झोपते इथे." काकांनी जागच्या जागी पाचाचे सहा केले, सही केली आणि पुढे नोकरीभर तो एकच प्रश्न वापरला.

मग ती साथ आली.

मी तेव्हा संकुलाच्या समितीची सेक्रेटरी होते. चार इमारती, एकशे साठ घरं. भाजी कुणी आणायची, औषधं कुणी, लिफ्टची बटणं कितीदा पुसायची, याच्या माझ्या याद्या वेळेवर निघत. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक तळं आहे आणि तळ्याच्या पलीकडे वस्ती. आमच्या घरांत स्वयंपाक करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, आजाऱ्यांपाशी बसणाऱ्या बहुतेक बायका तिथल्या. टाळेबंदी सैल झाली तसं समितीपुढे एकच काम आलं, या बायकांना आत घ्यायचं की नाही.

समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते. आम्ही त्यांना प्रेसिडेंटबाबू म्हणत असू. ते म्हणाले, "भावनेवर नको, आकड्यांवर ठरवू." मला ते पटलं. मी प्रभाग कचेरीतून रुग्णांची यादी मिळवली. तळ्यापलीकडच्या पत्त्यावर एकवीस नावं होती, आमच्या पत्त्यावर नऊ. पण एवढ्यावर थांबायला मी काही नवखी नव्हते. काकांच्या शेजारी राहून मी भागायला शिकले होते. वस्तीत झोपड्या एकशे चाळीस, दर झोपडी पाच माणसं धरून सातशे. आमच्या नोंदवहीत रहिवासी पाचशे. म्हणजे वस्तीत हजारी तीस, आमच्याकडे हजारी अठरा. मी तो कागद छापला, प्लास्टिकमध्ये घातला आणि गेटवर लावला. समितीने एकमताने ठरवलं की वस्तीतून कुणीही आत येणार नाही.

पूर्णिमादी गेटबाहेर उभी होती. ती आमच्या पाच घरांत स्वयंपाक करायची, माझ्याकडे, काकांकडे आणि प्रेसिडेंटबाबूंकडेही, आणि घरोघरच्या बायकांना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची. घरी नवरा होता, त्याचं हावड्यातल्या कारखान्यातलं काम साथीच्या पहिल्याच महिन्यात गेलं होतं. तिला वाचता येत होतं. तिने कागद वाचला आणि मला म्हणाली, "बौदी, हजारात तीस म्हणजे मी त्या तिसात आहे का?"

"तसं नाही गं."

"मग मी उरलेल्यांत आहे. उरलेल्यांना सोडा ना आत."

मी म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा आहे. ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरच्या बौदी एजन्सीकडून बाई मागवायचं म्हणतायत, चोवीस तास राहणारी. अशी दोन घरं गेली की मी आले काय आणि न आले काय." एवढं बोलून ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा आली आणि गेटबाहेर उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही.

मी कागद काकांना दाखवला होता. खरं सांगायचं तर कौतुकासाठीच दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सेक्रेटरीबाई, भागाकार चोख आहे."

"मग?"

"वरचा आकडा कुठून आणलात?"

"प्रभाग कचेरीतून."

"त्यांनी कुठून आणला?"

"तपासणीच्या फॉर्मवरून. पत्त्यावरून."

"पत्ता कशावरून?"

"कार्डावरून असणार."

काकांनी कागद मला परत दिला. "म्हणजे कार्डं मोजलीत. माणसं अजून मोजायची आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन छत्र्या घेऊन निघाले. वय पंचाहत्तर. मी लिफ्टपाशी अडवलं. म्हटलं, काका, तुमच्या वयाच्या माणसांसाठी बाहेर पडायची बंदी मीच लावली आहे, ती सूचना लिफ्टमध्येच चिकटवली आहे. ते म्हणाले, "वाचली. शुद्धलेखन उत्तम आहे," आणि गेले.

त्यांची पद्धत मी भिंतीच्या जाळीतून पाहिली. कुणाच्याही आत जायचं नाही. दाराबाहेर उघड्यावर उभं राहायचं, एक छत्री घरच्या बाईच्या हातात द्यायची, एक आपण धरायची. दोन्ही छत्र्यांच्या कडा एकमेकींना टेकल्या की अंतर बरोबर. नंतर छत्रीची मूठ साबणाच्या पाण्याने पुसायची आणि पुढचं दार. काल रात्री इथे कोण झोपलं? गेल्या पंधरवड्यात कुणाला ताप होता? तपासणी झाली का, कुठे झाली? एकशे चाळीस दारं त्यांनी नऊ दिवसांत केली. मग आमच्या एकशे साठ दारांकडे वळले.

वस्तीत एकही दार बंद राहिलं नव्हतं. आमच्याकडे एकतीस दारं उघडली नाहीत. काहींनी इंटरकॉमवरून विचारलं की जेठू, हे सरकारी आहे का. एका घराने सांगितलं की आमच्याकडे कुणाला ताप नाही, आणि सांगणारा सांगताना खोकत होता. काकांनी 'उत्तर दिले नाही' असा वेगळा रकाना केला आणि एकतीस घरं त्यात घातली.

समितीची सभा गच्चीवर झाली, खुर्च्या लांब लांब मांडून. काकांनी एक वही आणली होती. ते उभं राहून वाचू लागले.

"प्रभागाच्या यादीत वस्तीची एकवीस नावं आहेत. त्यातली आठ माणसं वस्तीत झोपत होती. उरलेली तेरा इथे झोपत होती."

"इथे म्हणजे?" प्रेसिडेंटबाबूंनी विचारलं.

"या चार इमारतींत. टाळेबंदी लागली तेव्हा आपणच त्यांना सांगितलं की जाऊ नका, राहा. रोज ये-जा नको. ती राहिली. कुणी स्वयंपाकघराच्या मागे, कुणी बाल्कनीत, दोन ड्रायव्हर आणि तीन रखवालदार खाली गाड्यांपाशी. घरातल्या माणसाला ताप आला, मग त्यांना आला. तपासणीवाला इथेच आला, आपल्याच दारात नमुना घेतला. फॉर्मवर कार्ड लावलं, कार्डावर वस्तीचा पत्ता."

मी माझ्या मांडीवरच्या यादीकडे पाहत होते. ती माणसं माझ्या नोंदवहीत रहिवासी म्हणून नव्हतीच. आजारी पडली तेव्हा मी ती वस्तीत मोजली होती आणि इथे राहत होती तेव्हा कुठेच मोजली नव्हती.

"वस्तीत रात्री झोपणारी माणसं आठशे," काकांनी पुढे वाचलं. "रुग्ण आठ. हजारी दहा. इथे पाचशे आणि घरकामाची, पहाऱ्याची मिळून पन्नास. रुग्ण बावीस. हजारी चाळीस."

प्रेसिडेंटबाबू हुशार होते. त्यांनी बरोबर बोट ठेवलं. "जेठू, वस्तीत तपासण्याच कमी होतात. न तपासलेला रुग्ण मोजलाच जात नाही."

"अगदी बरोबर," काका म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आनंद झालेला दिसला. "म्हणून ताप वेगळा विचारला. तिथेही आपणच पुढे आहोत, आणि आपली एकतीस दारं तर बंदच होती. वस्तीत आजार नाही असं मी म्हणत नाही. उद्या वाढेलही. मी एवढंच सांगतो की गेटवरच्या कागदावरून गेट बंद ठेवता येत नाही. तो काढा, नाहीतर गेटची दिशा बदला."

मग ते खाली बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कागद कुणी केला होता हे सगळ्यांना माहीत होतं. मी उठले आणि म्हणाले की चूक माझी आहे, कागद मी आता काढते, आणि बायकांना उद्यापासून येऊ द्यावं असा माझा ठराव आहे. प्रेसिडेंटबाबूंनी बराच वेळ चष्मा पुसला. शेवटी हात वर केला. ते इंजिनिअर होते आणि आकड्यांवर ठरवू असं म्हणालेले होते. बाकीचे हात हळूहळू वर आले.

मला वाटलं, झालं. सकाळी साडेसहाला मी स्वतः गेट उघडून उभी राहिले. कुणी आलं नाही. पूर्णिमादीही नाही.

तळ्याला वळसा घालून गेले तर वस्तीच्या तोंडाशी आडवा बांबू बांधलेला. तिथे वस्तीचा क्लब आहे, एक खोली, पुढे कॅरम आणि काळा फळा. क्लबचे सेक्रेटरी रिक्षा चालवायचे. आमचा सगळा वृत्तांत तिथे आमच्याआधी पोचला होता, कारण वस्तीतल्या प्रत्येक दारी काकांनी वचन दिलं होतं की निकाल काय लागला ते सांगायला येईन. सभा संपल्यासंपल्या ते येऊन सांगून गेले होते.

"दिदी, तुमच्याकडे हजारी चाळीस," सेक्रेटरी मला म्हणाले. "आमच्या बायका तिथे कशा पाठवू?"

मी म्हणाले की आम्ही आता सगळी काळजी घेतो.

"आम्हीही घेत होतो. तरी तुम्ही कागद लावलात."

पूर्णिमादी बांबूच्या पलीकडे उभी होती. ती पुढे आली. सेक्रेटरींना म्हणाली, "दादा, मी जाणार. पाच चुली आहेत माझ्या, त्या गेल्या तर क्लब मला जेवायला घालणार का?" मग माझ्याकडे वळली. "पण बौदी, कुठल्या घरात ताप आहे ते आधी कळलं पाहिजे. आत गेल्यावर, भात चढवल्यावर नाही. रोज सकाळी, इथे, फळ्यावर. घराचा नंबर घालून. ज्या घरात ताप, तिथे आम्ही नाही जाणार आणि त्या घराने आमच्या जागी दुसरी बाई ठेवायची नाही."

मी म्हणाले, समितीला विचारते. परत येऊन काकांना सांगितलं. मला वाटलं ते खूश होतील. ते म्हणाले, "बघा. नऊ दिवस मी हिंडलो, पण उपयोगाचा आकडा कुठला ते तिला कळलं." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत मोठं कौतुक, आणि ते माझं नव्हतं.

समितीत त्या संध्याकाळी जोरात वाद झाला. घरातला ताप वस्तीच्या फळ्यावर लावायचा, ही कल्पना लोकांना सहन होईना. एक जण म्हणाले की ही आमची खाजगी बाब आहे. मी म्हणाले की त्यांची एकवीस नावं प्लास्टिकमध्ये घालून आपण पंधरा दिवस गेटवर लावली होती. नावं नव्हती, फक्त आकडा होता, असं कुणीतरी दुरुस्त केलं. मी म्हणाले, मग आपणही नावं नको, फक्त घरांचे नंबर लावू. ठराव दोन मतांनी पास झाला.

दुसऱ्या दिवशीपासून पहाटे मी प्रत्येक घराला फोन करायची, यादी करायची आणि सव्वासहाला तळ्याला वळसा घालून फळ्यावर स्वतः लिहायची. पूर्णिमादी आणि बाकीच्या बायका फळ्यापुढे उभ्या राहून वाचायच्या, आपापली घरं ठरवायच्या आणि मग निघायच्या. एकही घर चुकीचं लिहिलं गेलं असतं तर त्या पुन्हा आल्या नसत्या आणि त्यांचं बरोबर ठरलं असतं. बँकेत इतक्या वर्षांत मी पुष्कळ कागद केले. इतक्या काळजीने कुठलाच केला नाही.

पहिल्या आठवड्यात सातव्या मजल्यावर प्रेसिडेंटबाबूंच्या घराचा नंबर लागला. ताप त्यांना स्वतःलाच होता. त्यांनी लपवला नाही, हेही मी सांगितलं पाहिजे. पूर्णिमादीने त्यांचं घर सोडून उरलेली चार घरं केली. ते वरून दोरीने पिशवी सोडून दूध घेत आणि स्वतःचा भात स्वतः रांधत. सोळा दिवसांनी पहाटे त्यांचा फोन आला. "लिहा, सातवा मजला, आता ताप नाही. पूर्णिमा निघायच्या आत पोचवाल ना?"

मी नंबर खोडला, चपला घातल्या आणि निघाले. काका लिफ्टपाशी उभे होते. त्यांनी यादीवरून नजर फिरवली.

"सातवा मजला खोडलात."

"हो. बरे झाले ते."

"मोजलंत, की ते म्हणाले म्हणून?"

सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी खाली गेले आणि रखवालदाराकडून ताप मोजायचं यंत्र मागून घेतलं. आतापर्यंत ते फक्त बाहेरून आत येणाऱ्यांवर धरलेलं होतं. मग सातव्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली. प्रेसिडेंटबाबूंनी दार उघडलं, माझ्या हातातलं यंत्र पाहिलं आणि निमूटपणे कपाळ पुढे केलं.